पुसलेलं कुठं जातं?

…न्हाय, पण मी म्हणतो, ‘हं’ हे काय उत्तर झालं का? तुम्हाला सांगतो, आमची दीपमाला पुण्याला नोकरीला हाय. लहानपणी शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच, अन् बोलत सुटायची, बाईंनी कुणाला उभं केलं, कुणाची शाई सांडली, कोण कुणाशी कट्टी… अन् आता मी मोबाईलवर एकेक अक्षर शोधून दाबतो, ‘बाळ, येळवसच्या सणाला येणार का, शेतात तुझ्याबिगर जेवण गोड लागत न्हाय’, अन् उत्तर काय? ‘हं, बघते’. चष्मा पुसून डोळ्याला लावेस्तोवर मजकूर संपला!

स्टँडवर रणधीरचं मोबाईलचं दुकान हाय, त्याला विचारलं. तो म्हणतो, “काका, आता पुरं वाक्य कुणी लिहीत न्हाय. त्यात तुमी शेवटी टिंब देता. टिंब दिलं की समोरच्याला वाटतंय, म्हातारं रागावलं.” घ्या, गुरुजींनी छडी मारून टिंब शिकवलं, अन् आता मी लेकीवर रागावलो! काढलं टिंब. तर आला नुसता पिवळा हसरा चेहरा. चष्म्याचं कामच न्हाय.

पण त्याआधी तिच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ असं लई वेळ दिसतंय की. मी बाजेवर सरळ बसतो, बायकोला हाक मारतो, “मल्लम्मा, ये गं, पोर लिहायली…” ती पिठाच्या हातानं येऊन उभी राहते, अन् येतं काय? ‘ठीक’. चष्मा लावेस्तोवर संपलं. मग एवढा वेळ लिहिलं ते गेलं कुठं?

शेवटी फोन करून विचारलं. तर म्हणाली, “पुसते, आप्पा. लांब लिहिलं की तुम्हाला वाचायला त्रास होतो ना.”

आता हिला काय सांगू? अगं, फोन ठेवला की बोलणं संपतं. माझं वाचन बैलगाडीचं, लांब लिहिलंस तर दोन दिवस पुरंल, दोन दिवस तू घरात असल्यावानी वाटंल… हे सगळं मनातच. तोंडानं एवढंच म्हणालो, “पुसू नको.”

अन् काल आलं. बोटानं वर सारतोय, सारतोय, तळच लागंना. घरमालकिणीच्या मांजरीला तीन पिल्लं, हाफिसात साहेबाची खुर्ची मोडली, आता कुठं ती भाजी आणायला निघाली हाय… तेवढ्यात मल्लम्मा मडकं घेऊन समोर, “परवा येळवस. पोर येती का न्हाय? आंबील किती घालू?”

म्हटलं, “जास्तीच घाल. मी अजून तिथवर पोचलो न्हाय.”