पहिल्या ओळीतलं नाव

सुधीर : आता हे कायकू थांबलं गं, योगिनी? परवापर्यंत बरोबर सर्व्हरची सेटिंग्ज लावत होतं.

योगिनी : टूलच्या प्रश्नांना तुम्ही तयार उत्तरांची फाइल जोडलीत, काका. समोर कीबोर्डवर माणूस नसला, तर टूल आता पुढे जात नाही. तसं करायलाच साहेबांनी मला घेतलंय.

सुधीर : नक्को असलं काही. चाळीस प्रश्न आहेत. तुझ्या बाबांनीच फाइल केली होती, रोज टाइप करायला नको म्हणून.

योगिनी : स्वतःपुरती केली होती. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं; रेकॉर्डमध्ये तेच जातं. तुम्ही ती उचललीत, नावासकट.

सुधीर : घाईत राहिलं.

योगिनी : मग मार्चमध्ये टूलात एक प्रश्न वाढवलात आणि फाइलमध्ये ओळ वाढवायला विसरलात. पुढचं प्रत्येक उत्तर भलत्याच प्रश्नाला गेलं. ‘जुनी सेटिंग्ज पुसू का?’ याला ‘हो’. बारा गिऱ्हाइकं बंद पडली.

सुधीर : कंपनीनं रेकॉर्ड पाहून त्यांना दोषी ठरवलं. मी एक शब्द बोललो नव्हतो.

योगिनी : तेच. रेकॉर्डमध्ये अठरा मार्च, सकाळी अकरा, बाबांचं नाव, केशवराव. अकराला बाबा कोठीच्या दवाखान्यात डोळ्याच्या ऑपरेशनला टेबलावर होते. रिक्षात तुम्हीच बसवलं होतंत.

सुधीर : त्यांची नोकरी जाईल, एवढंच वाटलं होतं गं. माणूस जाईल असं नव्हतं वाटलं. तेराव्याला आलो होतो मी.

योगिनी : हो. मी तुम्हाला दोनदा श्रीखंड वाढलं.

सुधीर : ...बाराला गिऱ्हाइकाची माणसं येतायत. साहेबपण. चालू कर ना, बेटा.

योगिनी : कीबोर्ड तुमच्यासमोर आहे. पहिला प्रश्न वाचा.

सुधीर : ‘अठरा मार्चला ही फाइल कुणी चालवली?’ हा कधी आला?

योगिनी : काल. मी घातला.

सुधीर : म्हणजे बदला घेतेयस.

योगिनी : हो.

सुधीर : नाही लिहिलं तर?

योगिनी : तर इथंच थांबेल. बाराला साहेब स्वतः वाचतील, काय विचारतंय ते.

(सुधीर टाइप करतो. पडद्यावर तोच प्रश्न पुन्हा येतो.)

सुधीर : घेत नाही हे.

योगिनी : काय लिहिलंत?

सुधीर : ...केशवराव.

योगिनी : ते नाव आता घेत नाही, काका. लिहा परत. मी बसलेय.