वरची गाडी

तुम्ही म्हणता, माणूस शहर निवडतो. अरे, मला तर पुण्याचं तिकीट खिशात असताना मुंबई मिळाली!

लढाईचे दिवस होते. मला दोन्हीकडून बोलावणं आलेलं. पुण्यात सकाळी कॉलेज आणि दुपारी छापखान्यात काम. मुंबईत दिवसा कचेरी आणि संध्याकाळी कॉलेज. पंधरा दिवस मी आमच्या गावी, दहिवलीला, शेताच्या बांधावर बसून नुसता ढगांकडे बघत होतो. शेवटी वडील वैतागले. आबा म्हणायचो आम्ही त्यांना.

"वर जा रं, पुण्याला. घाटावर हवा चांगली हाय. मुंबईत आपल्याला कुत्रं वळखत नाय."

कर्जत स्टेशनात हमालाला विचारलं, "वरची गाडी कुठली?"

"अप? ती काय, उभी हाय. पळ!"

रेल्वेचं 'अप' म्हणजे मुंबईकडे, हे मला कुठलं ठाऊक! खिडकीशी बसलो आणि बोगद्यांची वाट बघत डोळे मिटले. बोगदा काही येईना. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, घाट कधी लागणार?"

"घाट मागं राह्यला रं. हे नेरळ. आता समुद्रापातूर सगळं सपाट."

आबा जन्मभर त्या हमालाला शिव्या देत राहिले. "माजा पोरगा उलटा धाडला त्यानं!" मीही मान डोलवायचो.

एवढंच त्यांना कधी सांगितलं नाही, की नेरळला गाडी बराच वेळ थांबली होती, समोर कर्जतकडे जाणारी गाडी उभी होती, आणि मी तोवर समुद्र पाहिला नव्हता.