फागूचा वाटा

नको, तिकडनं नको सकू, खळं ओलं हाय अजून, पाय उमटतील — इकडनं ये, पिंपाच्या बाजूनं. हां, अशी. बस त्या ओंडक्यावर. धूर जातो डोळ्यात? जाणारच, वाऱ्याला आज काय धरबंद नाय, घडीत इकडं घडीत तिकडं. पदर धर नाकाला. पाणी देऊ? नको? बरं. एवढी चढण चढून आलीस, दम तर घे, आन वर आल्या आल्या गौरामावशीची बडबड सुरू झाली म्हणशील — तर होणारच, घरात दुसरं हाय कोण बोलायला. सून काय देवानंदनं आणली नाय अजून, तो स्वतः गेला कंपनीत, आन हे पिंप काय माझ्याशी बोलतंय? नुसतं धुमसत बसलंय परसात.

हे खूळ त्याचंच. ठाण्याला हॉटेलात होता ना भांडी घासायला, तिथं एक स्वयंपाकी होता, लांबचा, आसामच्या पण पल्याडचा, नाव घ्यायला गेलं तर माझी जीभ वळत नाय. त्याच्या गावाला म्हणे डुकराचं मटण असंच धुरावर टांगतात, महिनोन्‌महिने ठेवतात. झालं, आमचे साहेब ते शिकून आले. डिझेलचं पिंप आणलं, जीपच्या टपावर बांधून, त्याला बाजूनं दार कापलं, वर सळया घातल्या, खाली ही चूल. मी पहिल्या दिवशी म्हटलं, अरे आपण काय चुलीवर बोंबील टांगत नाय का, त्याला पिंप कशाला पाहिजे? तर म्हणतो, आई, तुला नाय कळणार. आन आता बघ, तो गेला नि धूर कोण राखतंय? मीच. आंब्याची ओली फांदी घालायची, जांभळीची घालायची, वरनं तूस टाकायचं ओलं करून. कडुनिंब नाय घालायचा, कडू होतं. जाळ तर अजिबात उठू द्यायचा नाय — जाळ उठला की वरनं करपतं नि आतनं कच्चं राहतं. हात लाव झाकणाला. लाव की, चटका नाय बसत. एवढंच गरम पाहिजे. मीठ चोळून ठेवलं होतं, हळद, लसूण, मग पुसून कोरडं करून टांगलं. त्या स्वयंपाक्यानं बघितलं तर तो पण मान डोलवंल.

डुक्कर? जव्हारच्या बाजारातलं. पाळलेलं. देवानंदनंच आणलं जायच्या आधी. — दाराच्या फटीतनं काय बघतेस? कातडीवरचे राठ केस? असतात कधी कधी पाळलेल्याला पण. नीट भाजून काढले नाय मी, हात दुखतात माझे. बरं, बरं, तुझ्यापुढं कशाला लपवू, तू काय शहरातली हाय? रानातलंच हाय. सुळा पण ठेवलाय वर वळचणीला. आमच्या नागलीत लोळून लोळून गेली होती ही जात, निम्मं रान आडवं केलं, भातात शिरली ती वेगळी. वर्षभर काय खायचं आम्ही, त्यांच्या नावानं माती? जंगलखात्याला सांगा म्हणतात. सांगितलं की येतात, बघतात, फोटो काढतात, जातात. डुकराला फोटो बघून लाज वाटणार हाय का? तेव्हा पाडलं एक. कसं म्हंजे? पडलं. माणूस रानात राहतो, त्याला काय काय करावं लागतं.

हां, तार बघतेस. सरळ सांग ना, मटण टांगलंय ती तार बघतेय म्हणून. कपडे वाळत घालायची तार ती. चांगली हाय, गंजत नाय, म्हणून तिचे आकडे करून टांगलं.

आता तू विचारणार म्हणून मीच सांगते. तुझा फागू देवानंदसंगं गेलाय. वापीला. कंपनीत. दोघं लहानपणापासनं एका ताटात जेवले, भिवंडीला वीटभट्टीवर एका झोपडीत राहिले, मग एकटा कसा जाईल देवानंद? तुला सांगून नाय गेला म्हंजे काय, बाप्ये सांगून जातात का? माझा नवरा एकदा नाशिकला द्राक्षं तोडायला गेला ते मला होळीला कळलं. फोन लागत नाय? तिथं कंपनीत फोन आत नेऊ देत नाय, दरवाजावर काढून घेतात. — कोण म्हणालं? पोश्या जीपवाला? तो दिवसा पण झिंगलेला असतो, तो काय मोजणार जीपमधी कोण बसलं नि कोण नाय. एकटा बसला म्हणे. बसला असंल एकटा. मी म्हटलं ना देवानंदला, तू एकटाच जा, मागं वळून बघू नको, मी इकडचं बघते — म्हंजे शेताचं बघते. भात कापायचं हाय ना. फागू मागनं गेला असंल दुसऱ्या गाडीनं. मला सगळं कसं माहीत असणार सकू, मी काय नाक्यावर बसते?

कुत्रा तुझाच हाय ना तो, तांबडा? हाकल त्याला. माझं ऐकत नाय. दगड मारला, पाणी फेकलं, तरी जातो नि फिरून येतो, खळ्याच्या मधोमध बसतो, बरोबर तिथंच. पायानं उकरतो. एवढं मर मर सारवलं मी, शेण आणलं गोळा करून, आन तो उकरतो. मटणाचा तुकडा टाकला त्याच्यापुढं, हुंगला पण नाय. कुत्र्याची जात नि मटणाला तोंड लावत नाय, बघितलंस कधी?

खळं? केलं लवकर या साली. भात उभं हाय ते मला दिसतंय, मी आंधळी नाय. सगळे कापणी झाल्यावर करतात, मी आधी केलं. केलं तर काय पाप झालं? देवानंद जाणार होता ना, म्हटलं तो हाय तोवर करून घेऊ, मला एकटीला कुठं जमतं. त्यानं खणलं, मी माती लोटली — खणलं म्हंजे वरचं गवत खणून काढलं, दगड काढले — मग पाणी मारलं नि चोपण्यानं चोप चोप चोपलं दोघांनी. रडत होता तो चोपताना. असाच हाय तो, हळवा, घर सोडून जायचं म्हटलं की डोळे भरतात. पहिल्यापासनं. आता रोज सारवते मी. ओलं राहतं. सुकलं की चिरा पडतात, म्हणून परत सारवते.

आन वास? कसला वास? हा धुराचाच वास हाय. आंब्याच्या लाकडाचा. म्हणून तर पिंप विझू देत नाय मी, धूर असला की बरं असतं, दुसरं काय लागत नाय नाकाला.

तुला वाटतंय मावशीनं एवढं जनावर पाडलं नि पाड्याला हाक मारली नाय. वाटणारच, मला पण वाटलं असतं. आपल्याकडं डुक्कर पडलं की सगळा पाडा जमतो, संध्याकाळपर्यंत हाड पण उरत नाय, धुरावर टांगून ठेवायची वेळ येतेच कुठं. पण मला कोणी नको होतं परसात. बोलवायचं नि मग सगळ्यांनी खळ्यावर बसायचं, नको. तरी मी रीत सोडली नाय, ते कोणी म्हणू नये. जो संगं होता त्याचा वाटा काढायचा, त्याच्या घरी पोचल्याबिगर आपण तोंड उष्टं करायचं नाय, ती रीत मी पाळली. एक घास खाल्ला नाय. देवानंद पण तसाच गेला, उपाशी. हे बघ, दार उघडते, मागं सर, धूर येईल अंगावर. हा देवानंदचा. हा माझा, शेत माझं म्हणून. हा लहान दिसतोय तो कुत्र्याचा, कुत्रा पण होता ना पुढं. आन ही मागची मांडी, सगळ्यात चांगली, ही फागूची.

काय?

नाय, मी म्हटलं तुमच्या घरची. फागूचं घर म्हंजे तुमचं घर. शेजारी म्हणून वाटा. शेजाऱ्याला देत नाय का आपण — अगं अशी काय बघतेस, बस, बस खाली, उठू नको. सकू. दार लावू दे मला, वारा गेला आत तर जाळ धरंल.

कोणी बोलवलं नव्हतं त्याला. तोच आला. तोच म्हणाला, मावशी, तार खालच्या अंगाला लावू, ओढ्याकडनं येतात. देवानंदनं विजेच्या खांबावर आकडा टाकला, दोघं बांधावर बसले, मी घरात होते, मला काय माहीत. डुक्कर पडलं, ओरडलं, ते मी ऐकलं. देवानंद आकडा काढायला पळाला खांबाकडं. हा थांबला असता जरा तर — पण नाय, ह्याला घाई, नेहमीची घाई, लग्नात पण तुझ्या मांडवात आधी येऊन बसला होता, आठवतं? धावला नि हात घातला डुकराला. डुक्कर मेलं होतं. तार जिती होती. देवानंद आकडा काढून परत येईस्तोवर दोघं एका जागी पडलेले. मी धावत गेले, त्याचा हात धरून बसले सकू, गरम होता हात, म्हटलं उठंल आता, आत्ता उठंल. मी खोटं बोलत नाय. तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली, कुत्रा बाजूला उभा राहून नुसता बघत होता.

आता तूच सांग काय करायचं होतं मी. तुझ्याकडं यायचं होतं, मला कळतं. देवानंद निघाला पण होता, पायात चप्पल पण घातली नव्हती, तसाच सुटला तुझ्या घराच्या वाटेला. मी धरला त्याला. मीच. एकच हाय माझा. तुझा तर गेला, तो काय परत येणार नव्हता, मग माझा पण घालवू? पोलीस देवानंदला धरतील, म्हणतील तार कुणी लावली. नाव त्याचंच. आकडा कुणी टाकला. नाव त्याचंच. मेलेल्याचं नाव कोण घेतं? जन्म जाईल आत. आन तू गेलीस ना पोलीस ठाण्यावर, तर जंगलखातं पण येईल बघ, ते काय माझ्या एकटीच्या घरी येणार नाय. फागू रानात काय काय करायचा ते तुला माहीत हाय, तुमच्या वळचणीला पण सुळे हायत. तुमच्या जमिनीचा वनपट्टा हाय त्याच्याच नावावर. तो कागद रद्द करायला त्यांना निमित्त पाहिजे असतं. मग पोरांना घेऊन कुठं जाशील, भट्टीवर? मी धमकी देत नाय. मी सांगतेय. मोठी हाय म्हणून सांगतेय.

शिव्या दे. केस धर माझे.

हे घे. सागाच्या पानात बांधून देते, वरनं तार गुंडाळते — नको, तार नको, दोरी हाय. मांडी सगळी तुझी. घरी जा, पोरांना शिजवून घाल, फागू वापीला गेला म्हणून सांग. भात कापून होऊ दे, देवानंद पैसे पाठवंल, तुझ्या पोरांना मी माझी म्हणंन, सगळं करंन. त्याच्या दिवसपाण्याचं पण बघू, गुपचूप, कोणाला न सांगता, मी स्वतः करंन. आता जा. ऊन उतरायच्या आत पोच घरी. कोणी वाटेत विचारलं कुठं गेली होतीस, तर सांग मावशीकडं मटण आणायला.

धर ना. हात पुढं कर.

सकू. वाट तिकडनं नाय.

ती कुदळ माझी हाय, ठेव ती भिंतीला. सकू, ऐक माझं. तुझ्या पाया पडते. नको बघूस, आता बघण्यासारखं नाय राहिलं काय, जसा होता तसा डोळ्यापुढं राहू दे. सकू.

अगं, वहाणा तरी काढ. खळं हाय ते.