सोयाबीन लागते कसं?

अबे, परवा आमच्या घरी सोयाबीनच्या पोत्यांसमोर माहीच फजिती झाली.

भाची पुण्याहून आर्णीले आली. येताच म्हणे, "मामा, मी दूध, दही, अंडी सगळं सोडलंय. आणि सोयाबीन खाल्लं की अंगावर पित्त उठतं. मग प्रोटीन आणू कुठून?"

बायकोनं भाकर, तुरीचं वरण, बरबटीची म्हंजे चवळीची उसळ अन् जवसाची चटणी वाढली. पोरीनं मोबाइलवर सगळं मोजलं. "मामी, हे तर भरपूर झालं! सोयाबीनशिवाय कसं जमवलंस?"

बायको म्हणे, "आमच्या घरी ते कधी शिजतच नाही, बाई. ते इकाले असते."

वीस वर्सं झाले, मी सोयाबीनच पेरून राह्यलो. हळूच भाचीले इचारलं, "तुले पित्त उठते, म्हंजे तू खाल्लं असशीन. कसं लागते वं ते?"