डाव्या पायाचा जोर

सोमवारच्या उपासाला नर्मदाबाई औंढ्यात नागनाथाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढं रागिणी आणि तिच्या गल्लीतला अंगद बोलत होते; दोघंही त्यांना अनोळखी.

"अंगद, ट्रायथलॉनच्या शर्यतीसाठी सायकलला नवा पॉवर मीटर काहून घेतो? दादा गेल्यापासून त्याचा पडूनच हाय. ते पायाचा जोर मोजणारं पेडल ने, आकडे दाखवणारा हँडलवरचा कॉम्प्युटरबी ने."

"काल लावून पाहिला, ताई. माझे दोन्ही पाय धड, अन् हा डाव्याचा जोर निम्माच दाखवून राहिला."

"डाव्याचा? दादाचा डावा पाय लहानपणीच मोडला होता, त्यात जोर कमीच. त्याचं तसंच यायचं."

"यंत्राला कुठं माणूस आठवतो!"

"मग बिघडला असंल."

"मलाबी तसंच वाटलं. पण जवळा बाजारच्या उतारावर मी पाय थांबवले, तरी जोर येतच व्हता."

"कुठवर?"

"पुलाच्या वळणापर्यंत. तिथं एकदम शून्य."

"घरी येताना तिथंच ट्रकनं दादाला उडवलं."

"म्हणून तर म्हनतो ताई, नवाच घेतो."

मागं नर्मदाबाईंच्या मुठीत बेलाची पानं चुरगळली. रागिणी म्हणाली,

"घे बाबा नवा. पण उद्या एकदा हाच लावून जा. त्या वळणावर थांबू नको, तसाच आमच्या घरापर्यंत ये. आई अजून त्याच्यासाठी रातच्याला दाराला कडी लावत न्हाई."