कुठला कॅमेरा न्यायचा

कुसुम: एवढं सगळं एकाच पिशवीत? उचलून दाखवा बरं.

सयाजी: उचलतो की. हे बघ.

कुसुम: एका हातानं उचला.

सयाजी: एका हातानं कशाला? पाठीवर न्यायचीय.

कुसुम: ढाकच्या कड्यावर एक हात दगडाच्या खोबणीत आणि एक दोराला असतो, असं मागच्या डिसेंबरात तुम्हीच सांगत होतात. आणि आता हे धूड घेऊन निघालात? आहे तरी काय काय यात?

सयाजी: मामांच्या स्टुडिओतला मोठा कॅमेरा. बारा काचेच्या प्लेटा, त्यांच्या लाकडी चौकटी. डोक्यावर घ्यायचं काळं कापड. आणि ती दाराशी ठेवलीय ती तिपाई.

कुसुम: आणि घडीचा कॅमेरा? तो ट्रंकेत माझ्या साड्यांखाली कसा गेला? मी तर ठेवला नाही.

सयाजी: त्याचा चामडी भाता फाटलाय बहुतेक. आत उजेड शिरतो.

कुसुम: गेल्या महिन्यात छबूबाईंच्या नातवाचं बारसं त्यानंच काढलंत. सगळे फोटो स्वच्छ आले.

सयाजी: बारसं वेगळं, डोंगर वेगळा. लक्ष्मणराव फोरमननी सांगितलंय, कारखान्याच्या हॉलमध्ये लावायला हा एवढा फोटो हवा. तो मोठ्याच कॅमेऱ्यानं निघतो.

कुसुम: तिपाई लावायची म्हणजे सपाट जागा लागणार.

सयाजी: लागणारच.

कुसुम: कड्यावर आहे सपाट जागा?

सयाजी: नाही. खालून काढायचा. बाकीचे वर बहिरीच्या गुहेत जातील, मी पठारावर थांबून कडा काढीन.

कुसुम: म्हणजे तुम्ही वर जाणार नाही.

सयाजी: कुणीतरी खाली थांबायला हवंच की.

कुसुम: आणि मी आठ दिवस देव पाण्यात घालून बसलेय! आधी सांगितलं असतंत तर चार घास सुखाचे खाल्ले असते. लक्ष्मणरावांना माहीत आहे?

सयाजी: तिथं गेल्यावर सांगीन. पिशवी बघितली की त्यांचं त्यांनाच कळेल. एवढं वजन घेऊन वर चल असं कोण म्हणणार आहे?

कुसुम: अहो, प्लेटा खुळखुळताहेत. ठेवा ती चौकट खाली, फुटेल. बसा इथं.

सयाजी: बसतो.

कुसुम: काय झालं होतं मागच्या वर्षी? खरं सांगा. त्या वेळी घडीचाच कॅमेरा नेला होतात. आठ फोटोंच्या रोलात तीनच काढलेले. दोन देवळाचे, एक झाडाखाली जेवतानाचा. पुढे काहीच नाही. मी विचारलं तर म्हणालात, अर्जुनराव पडले, मग फोटो कुणाला सुचतात.

सयाजी: पडलेच ना ते. शेवाळावरून पाय घसरला.

कुसुम: डिसेंबरात शेवाळ?

सयाजी: तू कुणाला बोलशील.

कुसुम: मी कुणाला सांगणार नाही.

सयाजी: आधी एका अरुंद घळीतून खाली उतरायचं. अंग चोरून. घळ संपली की एकदम उजेड येतो, आणि समोर काही नाही. नुसती दरी. डावीकडे कड्याला लागून वाट. वाट म्हणजे वीतभर दगड. तसंच तोंड कड्याकडे करून सरकायचं. मग पुढे सरळ वर, खोबण्यांत बोटं घालून. अर्जुनराव पुढे होते, पाच-सहा हातांवर. मी मागे. मध्यावर आलो आणि थांबलो.

कुसुम: दमलात?

सयाजी: नाही. भ्यालो. खाली बघितलं नव्हतं, तरी भ्यालो. बोटं दगडात गेली ती सुटेचनात. पाय लटपटायला लागले, शिलाईच्या मशीनसारखे. छातीवर कॅमेरा होता, तो दगडावर टकटक वाजत होता. तो आवाज माझाच आहे हे मला उशिरा कळलं.

कुसुम: मग हाक मारलीत अर्जुनरावांना?

सयाजी: नाही. घशातून आवाज निघेना. पण त्यांना कळलं असणार. ते पुढे जायचे थांबले आणि उलटे माझ्याकडे सरकायला लागले. अगदी जवळ आले. हात पुढे केला. म्हणाले, सयाजी, हात दे.

कुसुम: दिलात?

सयाजी: नाही दिला. माझी बोटं सुटली नाहीत, कुसुम. चार बोटांवर होता त्यांचा हात. त्यांनी आणखी पुढे केला आणि त्यांचा तोल गेला. दोन पुरुष खोलीवर एक झाड होतं, त्यात अडकले. मांडीचं हाड मोडलेलं मला वर ऐकू आलं.

कुसुम: आणि शेवाळ?

सयाजी: ते अर्जुनरावच म्हणाले. लोक दोर घेऊन धावत आले, तेव्हा झाडात पडल्या पडल्या म्हणाले, शेवाळ होतं. मी पण हो म्हणालो. एक वर्ष झालं, हो म्हणतोय. बॉयलरवर जोरात काम करणारा माणूस, आता कारखान्याच्या फाटकावर काठी घेऊन बसतो. रोज सकाळी पहिल्या शिफ्टला मी त्यांच्यासमोरून आत जातो. ते म्हणतात, राम राम सयाजी. मला वाचवायला आला म्हणून गेला तो पाय.

अर्जुनराव: सयाजी! हायेस का घरात?

सयाजी: तेच आले. कुसुम, तू काही बोलू नकोस.

कुसुम: या भावजी, आत या. पायरी उंच आहे, काठी माझ्याकडे द्या.

अर्जुनराव: ऱ्हाऊ द्या वहिनी, सवय झालीया. चिंचवडच्या समद्या पायऱ्या मोजून झाल्या माज्या. काय रं, तयारी झाली का? आन् ही पेटी कसली? लगीन काढाया निघालास का डोंगर?

सयाजी: मोठा कॅमेरा न्यावा म्हणतो.

अर्जुनराव: ह्यो घेऊन त्या घळीत अडकून बसशील, राव. मागनं येणाऱ्यांनी काय तुला ढकलायचं? त्यो ल्हान कुटं हाय?

कुसुम: हा इथं आहे.

अर्जुनराव: ह्योच ने. त्यासाठनंच आलो म्या. एक काम हाय तुज्याकडं.

सयाजी: सांगा की.

अर्जुनराव: बहिरीच्या गुहेत बसून भायेर बगितलं की काय दिसतं, त्याचा एक फोटू काड मला. देवाचा नगं, माणसांचा नगं. तितनं जे दिसतं त्याचा.

सयाजी: तुम्हाला कशाला तो?

अर्जुनराव: वरीसभर फाटकावर बसून इचार करतोय. एवढं कशापायी गेलो हुतो, काय हुतं तितं? माजं काय आता जाणं व्हायचं न्हाई. तू जातोयास तर आण.

सयाजी: अर्जुनराव, त्या दिवशी तुम्ही मागे आलात ते...

अर्जुनराव: त्यो इषय नगं.

सयाजी: नाही, मला बोलायचंय.

अर्जुनराव: नगं म्हणलो न्हवं! वहिनी, कोपऱ्यातली काठी द्या तेवढी. चा नगं, आबा वाट बगत असत्याल. बाप हाय, पर तोंड उघाडलं की पायावरच येत्यात. डोंगर बगाया गेला आन् पाय टाकून आला म्हणत्यात. निगतो.

कुसुम: गेले.

सयाजी: हं.

कुसुम: आता?

सयाजी: मला जमायचं नाही, कुसुम. नुसतं बोलताना तळहात ओले झाले, बघ. रात्री झोपेत सुद्धा मी त्या दगडावरच असतो.

कुसुम: मला माहीत आहे. झोपेत माझं मनगट धरता, वळ उठतात. मी कधी बोलले नाही.

सयाजी: मग काय करू?

कुसुम: मला विचाराल तर जाऊच नका. मला इथं चिंचवडात तुमच्याशिवाय आहे कोण? पण जायचंच असेल तर ही पेटी नेऊ नका. भीती वाटली तर लक्ष्मणरावांना तोंडानं सांगा की भीती वाटते. पेटीकडे बोट दाखवू नका.

सयाजी: सगळे हसतील.

कुसुम: हसू देत. हसण्यानं हाड मोडत नाही. आणि रोल किती लागतील?

सयाजी: दोन पुरे. डब्यात घाल, दमट होतात. ढग आले तर भिंगावर लावायची पिवळी काच लागेल, ती रुमालात गुंडाळ. कॅमेरा छातीवर नको. दगडावर आपटतो.

कुसुम: पाठीवर?

सयाजी: पाठीवर मागे ओढतो.

कुसुम: मग काखेत. हे जुनं लुगडं फाडते. झोळीतल्या पोरासारखा अंगाला घट्ट बांधायचा, म्हणजे हलणार नाही. हात वर करा. असा. टोचतोय का?

सयाजी: नाही.

कुसुम: केवढं धडधडतंय तुमचं.

(चार दिवसांनी, संध्याकाळी. तीच खोली.)

अर्जुनराव: ओला हाय व्हय अजून?

सयाजी: कडेनं धरा. आत्ताच धुऊन काढला. सोळातले दोनच बरे आले, बाकीच्यांत नुसत्या रेघा. हात थांबत नव्हते. शेवटी कॅमेरा गुहेतल्या एका धोंड्यावर ठेवला आणि श्वास धरून काढला.

अर्जुनराव: ह्ये काय, दरी?

सयाजी: दरी. पलीकडे तो डोंगर. खाली पांढरं दिसतंय ते धुकं, दहा वाजेपर्यंत होतं. ती बारीक रेघ कसली ते मलाही कळलं नाही. पायवाट असेल.

कुसुम: मी तर बघून भिंत धरली.

अर्जुनराव: लई लांबवर दिसतंय. मधी थांबलास कुटं?

सयाजी: थांबलो. त्याच जागी. पण या वेळी ओरडलो, मला भीती वाटतेय! दरीत घुमलं ते. पुढून लक्ष्मणराव म्हणाले, मला पण वाटतेय, दोर कमरेला बांध. मागच्यानं दोर बांधला. अर्धा तास सगळी रांग माझ्यासाठी कड्याला चिकटून उभी होती. कुणी हसलं नाही. हसायला सवडच नव्हती कुणाला. मग एक पाय हलला.

कुसुम: उतरताना जास्त वाईट होतं म्हणे.

सयाजी: उतरताना मी रडलो. ते पण सगळ्यांनी बघितलं. आणि खाली जांभिवली गावात आल्यावर, देवळापुढे बसलो होतो तेव्हा, मी सांगून टाकलं. शेवाळ नव्हतं म्हणून. अर्जुनराव मला वाचवायला मागे आले, हात दे म्हणाले आणि मी दिला नाही, म्हणून पडले. तुम्हाला न विचारता सांगितलं. रागावलात?

अर्जुनराव: लक्षुमणराव काल घरला आलं हुतं.

सयाजी: काय म्हणाले?

अर्जुनराव: मला काय न्हाई. आबांच्या म्होरं हात जोडलं. म्हणलं, तुमच्या पोरानं दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घातला आन् वरीसभर तोंडातनं शबुद काडला न्हाई. आबा उठलं आन् आळीत गूळ वाटून आलं. रातच्याला माज्या ताटात त्येंनी सोताच्या हातानं भाकर वाडली. वरीस झालं, त्येंनी मला नीट हाक मारली न्हवती.

कुसुम: मग चांगलंच झालं की, भावजी. रडताय कशाला?

अर्जुनराव: सयाजी, तू मला हाक मारली हुतीस का रं त्या दिवशी?

सयाजी: नाही. आवाजच निघाला नाही.

अर्जुनराव: मग मला कसं कळावं तू आडकलायस म्हणून? माजं तोंड दगडाकडं हुतं.

सयाजी: म्हणजे?

अर्जुनराव: मला फुडं जाववंना. वरली खोबण दिसत हुती, हात उचलंना. सरळ मागं फिरलो. तू हायेस की न्हाईस, काय ठावं न्हवतं मला. सरकत आलो तर तुजा खांदा दिसला, तवा वाटलं, सुटलो. हात दे म्हणलो त्ये तुला धराया न्हवं, बाबा. मला धर म्हणत हुतो.

सयाजी: मग शेवाळ कशाला म्हणालात?

अर्जुनराव: झाडात पडल्या पडल्या पयलं काय आलं मनात, ठाव हाय? ह्यानं वळखलं आसंल, आता ह्यो समद्यांला सांगणार, अर्जुन भ्याला म्हणून. म्हणून शेवाळ म्हणलो. तू व्हय म्हणलास. म्हणलं, लई भला माणूस हाय, झाकतोय मला. रोज फाटकावर राम राम घालताना छातीत धस्स हुयाचं माज्या.

कुसुम: दोघंही वर्षभर एकमेकांना घाबरत होतात?

सयाजी: हे आबांना कळायची गरज नाही. आता म्हातारपणी कशाला? आपल्या दोघांत राहू दे. कुसुम काही बोलायची नाही.

अर्जुनराव: रातीची भाकर गिळंना मला. येका घासाचं येवडं व्हतंय, तर रोजचं कसं व्हायचं? आबांला खरं सांगाया हवं.

कुसुम: पण ते काय म्हणतील, भावजी?

अर्जुनराव: ठाव न्हाई. म्हणून तर हितं आलो. आत्ता गोठ्यात असत्याल, धारा काडाया. सयाजी, तू येतोस का संगट? काय बोलू नगंस. नुस्ता चल.