कोट घातलेली मुलगी

(एडमंटन, फेब्रुवारी १९७५. उल्का पलंगावर उताणी पडून आहे. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यावर पट्टी. पलंगाशेजारच्या खुर्चीत तिचे सासरे, मांडीवर एक इंग्रजी कादंबरी.)

मामंजी : असत्य बोलणे आणि अमंगळ न उच्चारणे या दोन गोष्टी एक नव्हेत, उल्का. दोहोंच्या मधून एक अरुंद वाट जाते. मी जन्मभर त्या वाटेने चाललो. आज तू म्हणतेस, ती वाट मुळात नव्हतीच.

उल्का : मी एवढं मोठं काही म्हणत नाही, मामंजी. मी फक्त कोटाबद्दल विचारतेय.

मामंजी : म्हणजे जॉयसलिनबाई बोलल्या तर.

उल्का : पुस्तक तिनेच वाचायला दिलंय, ती बोलणारच. काल आमच्या लॅबमधून सुटल्यावर भेटायला आली. म्हणाली, "शेवट ऐकलास? त्या कोटाने मला कित्येक रात्री झोपू दिलं नाही." मी म्हटलं, कोणता कोट? आजीकडे वाढलेली मुलगी विमानतळावर धावत येते आणि आईच्या गळ्यात पडते, तिथे संपतं ना? मग माझा हात थोपटून म्हणाली, "युअर फादर-इन-लॉ इज अ काइंड मॅन." मला शिवीसारखं लागलं ते.

मामंजी : माझ्या वडिलांनी मला पोथी वाचायला शिकवली, तेव्हा पहिला नियम सांगितला तो हा. कथेत कुणी रानात एकटे पडले असेल, कुणाची ताटातूट झाली असेल, तर तिथे पोथी बांधून उठायचे नाही. ऐकणारा ते दुःख घेऊन घरी जातो. चार ओव्या पुढे वाचायच्या. कुठे तरी पाणी लागते, सावली लागते, भेट होते. तिथे थांबायचे.

उल्का : आणि या पुस्तकात पुढे ओव्या नव्हत्या.

मामंजी : नव्हत्या. पान कोरे होते. तू पट्टी बांधून पडलेली, मान हलवायची मनाई. त्या अवस्थेत तुला मी काय वाचून दाखवायचे? म्हणून मी रचले.

उल्का : छान रचलंत. धावताना तिच्या पायातला बूट निसटतो आणि ती तशीच पुढे येते, हे तर इतकं खरं वाटलं!

मामंजी : तो बूट लहानपणच्या नंदनचा. मी परगावाहून आलो की तो फलाटावर तसाच धावत यायचा.

उल्का : आधीच्या कादंबरीत बेटावरच्या हिंदी मजुरांचा, उसाच्या मळ्यातला भटजी मंत्र चुकीचा म्हणतो, तेव्हा तुम्ही पुस्तक खाली ठेवून आधी तो मंत्र शुद्ध म्हणालात. मी पोट धरून हसले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मामंजी : मंत्र शुद्ध करणे माझा स्वभाव आहे, गुन्हा नव्हे.

उल्का : मला सांगा, यात आणखी कुठे कुठे शुद्ध केलंत?

मामंजी : कुठेही नाही. त्या आजीच्या तोंडचे एक अक्षरही मी हलवलेले नाही. बार्बेडोसची ती बोली प्रथम मला लंगडी वाटली. दहा पाने झाली आणि ध्यानात आले की लंगडत मी होतो. शेवटचे पान तेवढे मी बदलले.

उल्का : ते वाचा. आहे तसं.

मामंजी : कशासाठी? ही बेटांवरची माणसे, त्यांची दुःखे. आपला त्यांच्याशी काय संबंध?

उल्का : चार हिवाळे मी बसमध्ये हीच पुस्तकं वाचतेय, मामंजी. जॉयसलिन एक संपलं की दुसरं देते. आपली मराठी पुस्तकं वाचली की मला मिरज आठवतं. ही वाचली की मी स्वतः आठवते. मुलीला आजीजवळ ठेवून इथे आलेली बाई. पुढच्या वर्षी नेऊ, पुढच्या वर्षी नेऊ म्हणणारी. बेट कुठलंही असो. वाचा तुम्ही.

मामंजी : बरे. ऐक. "खोलीला आईने पिवळा रंग दिला होता. मुलगी उंबऱ्यात थांबली. आई म्हणाली, कोट काढ, घरात ऊब आहे. मुलगी म्हणाली, नको, मॅडम. जेवतानाही कोट तिच्या अंगात होता. रात्री आई पाहायला गेली. मुलगी पांघरुणाच्या वर निजली होती, कोटाची सगळी बटणे लावून. पायाशी पेटी, आणली तशीच बांधलेली. सकाळी आईने विचारले, अशी का निजलीस? मुलगी म्हणाली, आजीने सांगितले आहे, लोकांच्या घरी फार पसरू नये." इथे पुस्तक संपते. पाणी देऊ?

उल्का : नको. मामंजी, तुम्ही ते पुस्तक रविवारी संपवलंत. सोमवारी मी नंदनला सांगितलं, आपल्या जयंतीचं मे महिन्याचं तिकीट रद्द कर.

मामंजी : रद्द? मला कुणी बोलले नाही.

उल्का : मिरजेहून माझा भाऊ शशिकांत सारखा कळवतोय. आईचं कंबरेचं हाड मोडलं, ती अंथरुणातून उठत नाही, ताई, तुझी मुलगी आता तू घेऊन जा. ठरलंही होतं. पण माझा डोळा हा असा, लॅबच्या लायसन्सची परीक्षा राहिलेली. मी म्हटलं, आणखी एक वर्ष. मुलं कुठे जातात? धावतच येतात.

मामंजी : तू कादंबरीवरून पोटच्या मुलीचे ठरवलेस?

उल्का : कादंबरीवरून नाही. तुमच्या आवाजावरून. तो खोटं सांगेल असं वाटलं नाही. आणखी एक. मागच्या वर्षी इथे येण्याआधी तुम्ही मिरजेला तिला भेटलात. तिने निरोप दिला म्हणालात, "आईला सांगा, मला लवकर ने." तो निरोप कोणाचा होता?

मामंजी : ती अंगणात बिट्ट्या खेळत होती.

उल्का : म्हणजे?

मामंजी : मी विचारले, आईला काय सांगू? तिने मान वर केली नाही. तिचा डाव चालू होता. ते वाक्य मी तिच्या वतीने बोललो.

उल्का : दीड वर्षाची होती मी निघाले तेव्हा. आता तिला नववं लागेल.

नंदन : हुश्श! मायनस तीस आहे बाहेर. ड्राइव्हवे शोव्हल करून वळलो तर पुन्हा तेवढाच बर्फ. दादा, गाडीच्या ब्लॉक हीटरची वायर कोणी काढली?

मामंजी : मी. ती पायात येत होती.

नंदन : अहो, त्यानेच इंजिन गरम राहतं. आता उद्या सकाळी मी ऑफिसला स्लेजवरून जाऊ का? आणि तुम्ही दोघं असे का बसलाय? कोणी गेलं का?

उल्का : नंदन, जयंतीचं तिकीट पुन्हा काढ.

नंदन : परवाच रद्द केलं ना? एजंट मला वेडा म्हणेल. उल्का, खरं सांगू का, मी तुला सांगणारच होतो. आज पहाटे ट्रंक कॉल लागला होता, मिरजेचा.

उल्का : आणि मला उठवलं नाहीस?

नंदन : तुला हलायला बंदी आहे. डॉक्टर माझ्यावर ओरडतील. जयंती बोलली. मजेत आहे. सगळं ओके आहे.

उल्का : असं नको. तुझ्या वडिलांसारखं सांगू नकोस. जे झालं ते, तिच्या शब्दांत.

नंदन : दादांसारखं म्हणजे काय?

मामंजी : सांग तिला, नंदन. एकही शब्द गाळू नकोस.

नंदन : मी म्हटलं, आईला काही सांगायचंय का? तर म्हणाली, "आई इथेच आहे. तिची कूस बदलायची वेळ झाली, मला जायचंय." मी म्हटलं, अगं, ती आजी. इथली आई, कॅनडातली. लाइन खरखरत होती. मला वाटलं, कट झाली. मग म्हणाली, "उल्काताईंना माझा नमस्कार सांगा."

उल्का : ताई.

नंदन : शशिकांत तुला ताई म्हणतो, वहिनी ताई म्हणते. तिच्या कानावर तेच पडतं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही...

उल्का : पुढे?

नंदन : मी विचारलं, येशील ना इकडे? म्हणाली, "मी आले तर आईला रात्री पाणी कोण देईल? मामी उठत नाही." एवढंच. मग तीन मिनिटं संपली.

उल्का : तिकीट काढ. तिचं नको, माझं काढ. जाण्याचं.

नंदन : तिला आणायला मीच जातो. एप्रिलमध्ये मला लीव्ह मिळेल. तू रेस्ट घे.

उल्का : आणायला नाही जात मी. राहायला जातेय.

नंदन : राहायला? किती दिवस?

उल्का : ठाऊक नाही.

नंदन : आणि लॅब? परीक्षा? एवढी वर्षं आपण कशासाठी काढली इथे?

उल्का : कुणासाठी म्हणून काढली, ते तुलाही माहीत आहे.

नंदन : तिथे तुला आता कोण ओळखतं, उल्का? तुझ्या भावाच्या दोन खोल्या. तिथे तू पाहुणी होशील.

उल्का : होईन. आपल्यापैकी कुणाला तरी परक्या घरात राहावंच लागणार आहे. त्या पोरीपेक्षा मी राहिलेलं बरं. तिला आईपासून तोडून इथल्या रंगवलेल्या खोलीत आणून ठेवू? मी माझ्या आईची कूस बदलीन. रात्री पाणी द्यायला मी उठेन. जयंतीला झोपू दे. पोर आहे ती.

नंदन : डोळा गेला म्हणजे?

उल्का : डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी निघेन. आधी नाही. एवढी वेडी नाही मी.

नंदन : आणि मी? मी काय करायचं इथे?

उल्का : कॉल बुक करत जा. मी येईन फोनवर.

नंदन : हे तूच बोलतेयस का? एक पुस्तक वाचलं आणि... दादा, तुम्ही तरी सांगा हिला. तुमचं ऐकते ती.

मामंजी : माझे ऐकूनच हे झाले आहे, नंदन. आता मी काही सांगणार नाही. शशिकांतला कळवशील तेव्हा एवढे कळव की ती मुलीला न्यायला येत नाही. मुलगी भिऊन राहू नये.

नंदन : बरं.

उल्का : नंदन, रागावलास?

नंदन : पासपोर्ट कुठे ठेवलायस? बेसमेंटमध्ये का?

उल्का : कपाटात. हिवाळी कपड्यांच्या खाली. मामंजी, मला वाकता येत नाही. इथूनच नमस्कार करते.

मामंजी : मान हलवू नकोस, मुली. असाच पोचला. जयंतीने तुला आई म्हणावे, असा आशीर्वाद मी देणार नाही. तो अधिकार तिचा आहे. त्या माउलीला तुझ्या हातून वेदनेविना कूस मिळो. मुलीला रात्रभर झोप मिळो. माझ्या मुलाला हे रिकामे घर सोसवो. आणि तुला, उल्का, ज्या नावाने हाक येईल, त्या नावाला ओ देता येवो.